आठ आण्यांची काटकसर

(पोस्टकार्ड)
नालवाडी, वर्धा
१४ जुलै २०२५

प्रिय आईस,

जय भीम. पोस्टकार्ड पाहून घाबरू नको, आम्ही तिघंही खुशाल आहोत. तुझ्या फोनचा रिचार्ज काल संपला. तो मी आता भरणार नाही. मेघाचाही भरणार नाही. माझा तेवढा चालू आहे, तोही ऑफिससाठी. दोन फोनच्या एका महिन्याच्या रिचार्जमध्ये आपण दोघांनी वर्षभर रोज एक कार्ड लिहिलं तरी पैसे उरतात. आठ आण्याला एक मिळते.

दुसरं. दर रविवारी मी गाडीनं आंजीला येतो, त्यात पेट्रोल जाते. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे मी येण्यापेक्षा तू इकडे येणं निम्म्याहूनही स्वस्त पडते. म्हणून यापुढे तूच येत जा. पण दर आठवड्याला नको.

दूध अर्धा लिटरवर आणलं. पेपर बंद, केबल बंद. घरात एका वेळी एकच पंखा, सगळ्यांनी त्याच्याच खाली बसायचं. गाडी कुलपात ठेवली, ऑफिसला पायी जातो. समीक्षाला आठवं लागलं, तर केक नाही आणला, शिरा केला. ती थोडी रडली.

हे सगळं कशासाठी, ते उघड्या कार्डावर लिहिण्यासारखं नाही. भेटीत सांगीन. कोणी विचारलं तर तू काही बोलू नको. जागा संपली.

तुझा,
अश्वजित


आंजी (मोठी)
२१ जुलै

अशू,

जय भीम. कार्ड भेटलं. पन मले भेटायच्या आधी ते अर्ध्या गावाले भेटलं. नत्थूजी पोस्टमन म्हनतात, बारा वर्सं झाली, ह्या गावात कोनं कोनाले कार्ड लिहिलं नाई. त्यायले एवढा आनंद झाला का त्यायनं ते पयले चहाच्या टपरीवर वाचून दाखवलं, मंग दळनाच्या चक्कीवर, अन् मंग माह्या दारात उभं राहून मले वाचून दाखवलं. मी म्हनलं, नत्थूजी, मले वाचता येते. तं म्हनतात, येते ना, पन अक्षर बारीक हाय जिजाबाई, तुमच्या डोयाले तरास कायले.

वर्षावास सुरू हाय. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असते अन् साऱ्या बाया तिथंच असतात. मी गेली तं माह्याकडं पाहून साऱ्या चूप झाल्या. चिंधूकाकानं मले बाजूले घेऊन इचारलं, अशूचं बरं हाय ना? म्या म्हनलं, हो. तं म्हनले, मंग कार्डावर लिहिता येत नाई असं काय झालं?

आता तूच सांग, काय झालं? नोकरी बरी हाय ना? खरं लिहिजो. एका पंख्याखाली बसता म्हनजे काय लेका, उन्हाच्या दिवसात काय एका हातपंख्यावर भागवसान? अन् पोरीले वाढदिवसाचा केक नाई.

रोज सात वाजता समीक्षा मले फोनवर आज काय खाल्लं ते सांगे. आता सात वाजले का मी फोन हातात घेऊन बसते अन् तो मुका. मंग चंद्रीजवळ जाते अन् तिलेच सांगते आज काय काय झालं ते. म्हस बिचारी आयकते, पन परत काई बोलत नाई. शेजारची पौर्णिमा म्हने, काकू, माह्या फोनवरून लावा. म्या नाई लावला. तिच्या घरचे सारे कान देऊन बसतात.

तुपाचा डबा एसटीच्या कंडक्टरजवळ देल्ला हाय. स्टँडवर जाऊन घेऊन येजो. त्याले चहा पाजजो.

आई


(पोस्टकार्ड)
नालवाडी
२८ जुलै

प्रिय आईस,

जय भीम. तूप मिळालं. कंडक्टरला चहा पाजावा लागला, त्यानं सोबत समोसाही खाल्ला. यापुढे काही पाठवू नको, महागात पडते.

नत्थूजींना सांग, दुसऱ्याचं कार्ड वाचणं बरं नाही. नत्थूजी, तुम्ही आता हे वाचतच असाल, तर तुम्हालाच सांगतो.

काळजी करण्यासारखं काही नाही. नोकरी व्यवस्थित आहे. ऑफिसात माझ्याविरुद्ध काहीही चालू नाही. गाडी घरीच आहे, कोणी नेलेली नाही. सध्या फक्त हात आवरता घेतला आहे. पंधरा ऑगस्टला एक गोष्ट व्हायची आहे, ती पार पडली की सगळं सांगतो. तोवर दम धर. गावात चर्चा नको.

तुझा,
अश्वजित


नालवाडी
३० जुलै

आई,

जय भीम. हे पत्र पाकिटात आहे, म्हणून मोकळं लिहिते. तुम्ही काळजीनं अर्ध्या झाल्या असाल. आई, काहीही झालेलं नाही. नोकरी पक्की आहे, पगार एक तारखेला येतो. ह्यांना प्लॉट घ्यायचा आहे, एवढंच. नालवाडीच्या मागच्या अंगाला ले-आऊट पडलं आहे, त्यातला कोपऱ्याचा. पंधरा ऑगस्टपर्यंत बयाणा द्यायचा आहे. गावात कळलं की दहा जण भाव विचारतात आणि अकरावा मोडता घालतो, म्हणून ह्यांनी तोंडाला कुलूप लावलं. तुम्हालाही सांगू दिलं नाही.

आता घरची मजा ऐका. चहाची पत्ती दोनदा उकळतो. दुसऱ्या खेपेच्या चहाला रंगही नसतो, तरी हे मिटक्या मारत पितात. काडेपेटीतली काडी वाचावी म्हणून एका शेगडीवरून दुसरी पेटवायला कागदाची सुरळी करतात. परवा त्या सुरळीनं मिशीची एक बाजू जळाली, मग दुसरीही काढावी लागली. ऑफिसात सांगितलं, नवीन फॅशन आहे. साखरेला आठवड्यात तीनच दिवस ठरले आहेत. समीक्षानं शाळेत बाईंना सांगितलं, आम्ही सगळे एका पंख्याखाली राहतो. बाईंनी मला बोलावून हळू आवाजात विचारलं, घरी काही अडचण आहे का? मी काय सांगणार? म्हटलं, हवा चांगली येते.

मी हसण्यावारी नेते. खरं सांगू, प्लॉट मलाही पाहिजे. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागते. म्हणून सहा महिने बिनसाखरेचा चहा प्यायला माझी ना नाही. पण तुमचा फोन बंद करायला नको होता, त्यावरून आमचं भांडण झालं. समीक्षा सात वाजले की अजून फोनजवळ जाऊन बसते.

तुम्ही तिकडे जिवाला लावून घेऊ नका. हे पत्र ह्यांच्याच हाती पोस्टात टाकायला देते. पाकीट डिंकानं चिकटवलं आहे.

तुमची,
मेघा


आंजी (मोठी)
६ ऑगस्ट, बुधवार

अशू,

तुह्यं दुसरं कार्ड भेटलं. आता मले सारं समजलं. तुले लिहायची लाज वाटून राह्यली, हे बी समजलं.

म्या तुले इचारलं होतं, नोकरी बरी हाय ना. तू लिहिलं, ऑफिसात माह्याविरुद्ध काई चालू नाई. चिंधूकाका म्हनले, जिजा, न इचारता पोरगा हे काऊन लिहिते? गाडी कोनी नेली नाई, असं बी लिहिलं. म्हनजे फायनान्सवाल्यानं नेली. अन् पंधरा ऑगस्टले जे व्हायचं हाय ते चौकशी असन, असं चक्कीवाला म्हनते. कोनी म्हनते सस्पेंड झाला, कोनी म्हनते पैसे घेताना धरला. मी विहारात उभी राहून साऱ्याइले सांगतलं का माहा पोरगा पैसे खानारा नाई. असा दम देल्ला का बाया थरथर कापल्या. पन घरी आल्यावर माह्या मनात भेव बसलं ते बसलंच. साधा हाय, कोनं फसवलं असन, सही घेतली असन.

अशा येळी फोन करून इचारनं बरं नाई, असं साऱ्याइचं म्हननं पडलं. म्हनून फोन कोनी केला नाई.

मी चंद्री पुंडलिकरावाले देऊन टाकली. सत्तर हजाराले. शनवारी येऊन नेतीन. ते तीन वर्सं झाली मांगत होते अन् मी नाई म्हनत होती. आता म्याच गेली त्यायच्या दारी. तू रागावजो नोको. चार दिवसाची वगार होती, तिची माय मेली, तवा म्या तिले बाटलीनं दूध पाजलं. तुह्ये बाबा गेले त्या साली घरात मी अन् ती, दोघीच होतो. मले दुख होत नाई असं नाई. पन नोकरी गेलेलं पोरगं तोंड लपवून बसलं हे मले पाह्यवनार नाई. वकील कर, चांगला कर.

पैसे पोस्टानं पाठवत नाई. आयतवारी विहारातल्या बाया घेऊन येतीन. दोघी-तिघीइलेच पाठवनार होती, पन तू लिहिलं तिकीट अर्धं हाय, तं चौदा जनी तयार झाल्या. संगं ज्वारी अन् तुरीची डाळ बी हाय, साऱ्याइनं घरोघरून जमा केली. मी येत नाई. तुह्यं तोंड पाहून मले रडू येईन अन् मंग तुले अजून वाईट वाटन.

आई


नालवाडी
१० ऑगस्ट, रविवार

आई,

हे काय करून बसली तू! तुझं सहा तारखेचं पत्र अजून आलेलं नाही. त्यात काय होतं ते मला आज चौदा बायांनी सांगितलं.

सकाळी दहाला दार वाजलं. दारात पौर्णिमावहिनी, त्यांच्या मागे तेरा जणी आणि शेवटी चिंधूकाका. डोक्यावर गाठोडी. कोणी हसेना, कोणी बोलेना. आत आल्या आणि ओळीनं खाली बसल्या. मला वाटलं कोणी तरी गेलं. आई, मी तुझंच नाव घेऊन ओरडलो. तेव्हा पौर्णिमावहिनी म्हणाल्या, 'काकू बऱ्या हायेत भाऊजी, तुमीच धीर धरा.'

एकच पंखा फिरत होता. त्याच्याकडे पाहून त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग माझ्या नसलेल्या मिशीकडे पाहिलं. पायी चालून मी थोडा उतरलो आहे, तेही पाहिलं. तेवढ्यात समीक्षा आली आणि म्हणाली, 'आज्जी, आज आमच्या घरी साखरेचा दिवस नाही.' एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला.

चिंधूकाकांनी मला स्वयंपाकघरात नेलं. म्हणाले, 'अशू, खाल्ले असतीन तं नेऊन देऊन दे. मानूस चुकते. तुह्या बापाले म्या शब्द देल्ला होता, पोराले एकटं सोडनार नाई.' मी म्हटलं, काका, मी सस्पेंड नाही. तर म्हणाले, 'पयले सारेच असंच म्हनतात.' शेवटी पगाराची स्लिप काढून दाखवली, ती त्यांनी बाहेर नेऊन चौदा जणींना दाखवली. ती हातोहात फिरली. मग कुठं विश्वास बसला. सगळ्या मोठ्यानं हसल्या, आणि पौर्णिमावहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, 'मंग आमच्या चौदा जनीचं तिकीट कोन देन?'

तिकीट मी दिलं. दोन्ही खोल्यांतले पंखे मीच लावले. मेघा भाजीला फोडणी घालत होती तर गॅस संपला. मग पंधरा जणांचं जेवण हॉटेलातून आणलं, वर जिलबी. जुलैभर जे वाचवलं ते एका दुपारी गेलं. त्याचं मी काही म्हणत नाही.

निघताना पौर्णिमावहिनींनी पुडकं हाती दिलं. म्हणाल्या, चंद्रीचे हायेत, काल नेली. मी पुडकं घेऊन तिथंच उंबऱ्यावर बसलो.

मेघानं विचारलं, माझं पाकीट आईंना पोचलं नाही का? नाही पोचलं. ते माझ्या बॅगेत आहे. पाच रुपयांचं तिकीट लावायचं होतं. म्हटलं, ऑफिसातला कैलास आंजीचाच, शनिवारी जाणारच आहे, त्याच्या हाती देऊ. त्याचं जाणं रद्द झालं आणि माझ्या डोक्यातून निघून गेलं. ते सोबत देतो, तू वाच. मेघा माझ्याशी बोलत नाही.

या आठवड्यात ऑफिसात तपासणी आहे, सुटी मिळत नाही. येत्या रविवारी येतो. पुंडलिकरावांचे पैसे परत करून चंद्री घरी आणू. तोवर पैसे माझ्याजवळ जसेच्या तसे आहेत. रडू नको. बाया सहाच्या गाडीनं निघत आहेत, त्यांच्याच हाती हे देतो.

अशू


आंजी (मोठी)
१२ ऑगस्ट

अशू,

तुह्यं पत्र वाचलं. मेघाचं बी वाचलं. मिशीचं वाचून मी हसली, अन् पाच रुपयाचं वाचून तुले दोन शिव्या देल्या. पाच रुपये वाचवले लेका अन् माही म्हस घालवली. प्लॉट घ्याचा होता तं मायले सांगाले काय झालं होतं? माह्या पोटात काय गोष्ट राहत नाई? बरं, नाई राहत, हे खरं हाय. पन ही राहली असती.

नोकरी हाय, एवढं आयकूनच माह्या छातीवरचा धोंडा उतरला. नत्थूजी माह्याकडं पाहून मान खाली घालून गेले. म्या त्यायले दोष देल्ला नाई. कार्ड त्यायनं नाई लिहिलं, तू लिहिलं.

आता इकडचं आयक. चंद्रीनं पुंडलिकरावाच्या घरी थेंबभर दूध देल्लं नाई. शनवारी संध्याकाळी त्यायची सून बसली, तिले लाथ हानली. आयतवारी सकाळी गडी बसला, त्याले बी हानली. मंग पुंडलिकराव म्हनले, तुमाले म्हस समजत नाई, व्हा बाजूले, अन् स्वतः बसले. त्यायची बादली अन् ते, दोघंही शेनात. काल सकाळी दारात येऊन उभे राह्यले, लंगडत होते. म्हनले, जिजाबाई, चाला बरं जरा.

मी गेली. मले पाहून तिनं असा आवाज देल्ला का साऱ्या गल्लीनं आयकला. पाठीवर हात ठेवल्याबरोबर पान्हा सोडला. आता दोन्ही येळ म्याच जाते अन् ते मले रोजचं एक लिटर दूध देतात. पन दूध काढून मी निंगाली का ती मान वळवून पाह्यत राह्यते. मी काई मांगं पाह्यत नाई. आयतवारी लवकर येजो.

आई


नालवाडी
१६ ऑगस्ट

प्रिय आईस,

जय भीम. पत्र मिळालं. वाचून फार आनंद झाला, कारण तुझ्या लक्षात आलेलं नाही, पण तू मोठीच बचत केली आहे. नीट पाहा. ढेप पुंडलिकरावांची, चाऱ्याचं कुटार पुंडलिकरावांचं, गोठा त्यांचा, ढोरांच्या डॉक्टरचे पैसे त्यांचे. दूध मात्र तुला, आणि म्हैस तुला रोज दोनदा भेटते. म्हणजे म्हैस जवळपास तुझीच आहे, फक्त खर्च तेवढा त्यांचा. असं गणित मला महिनाभरात जमलं नाही. मी कैलासला सांगितलं, तोही थक्क झाला; तो आज गावी जातो आहे, त्याच्याच हाती हे पत्र देतो.

म्हणून मी विचार केला. काल बयाण्याची शेवटची तारीख होती आणि माझे पैसे थोडे कमी पडत होते. चंद्रीचे सत्तर हजार त्यात घातले आणि बयाणा देऊन टाकला. प्लॉट आपला झाला समज. कोपऱ्याचा आहे, दोन्हीकडून रस्ता.

आता चंद्रीला परत आणण्याची घाई उरली नाही, म्हणून उद्या येत नाही. पेट्रोलही वाचेल. पुढं-मागं पाहू. मेघाला पैशांचं अजून सांगितलं नाही. ती सध्या ऐकून घेत नाही. तुला ही गोष्ट पटेल, याची खात्री आहे.

तुझा,
अश्वजित


(पोस्टकार्ड)
आंजी (मोठी)
१८ ऑगस्ट

अश्वजित,

तुह्यं गनित वाचलं. दोनदा वाचलं. त्यात एक बी चूक नाई.

पन मले म्हशीले भेटाले नाई जायचं, मले म्हस घरी पायजे. उद्या पुंडलिकराव म्हनले का जिजाबाई, आता येऊ नोका, तं मी काय त्यायच्या फाटकातून पाहू? काल मी निंगाली तं ती दाव्याले हिसके देत माह्या मांगं आली, दावं तुटलं नाई म्हनून थांबली. मी भर रस्त्यानं रडत घरी आली. कोनी इचारलं तं सांगतलं, डोयात कचरा गेला.

तुही नोकरी गेली समजून म्या ती इकली. नोकरी गेली नाई. मंग माही म्हस काऊन गेली, हे मले इथं येऊन तोंडानं सांगजो.

पाकीट होतं घरात, पन म्या मुद्दाम कार्ड लिहिलं. नत्थूजी वाचतीन, वाचू दे. तुह्या घरी आल्यावर मेघा बी वाचन.

जिजाबाई


आंजी (मोठी)
२४ ऑगस्ट, आयतवार

मेघा पोरी,

जय भीम. हे पत्र अशूच्या थैलीत दुधाच्या डब्याखाली ठेवते. तो जेवून झोपला हाय, तेवढ्यात लिहून घेते, कारन तो तुले सारं खरं सांगनार नाई.

माहं कार्ड तुह्या हाती पडलं, हे मले त्याच्या तोंडावरच दिसलं. दलालाजवळून बयाणा वापस आनला म्हने. दलालानं दहा हजार कापून घेतले. मी इचारलं, एकटा गेलता का दलालाकडं? तं म्हनला, मेघा होती संगं. म्या बी खोदून इचारलं नाई, पन मनातून तुले जवळ घेतलं पोरी.

आता पुंडलिकरावाचं आयक. कार्ड टाकलं अन् मी बसून नाई राह्यली. मले माहीत होतं, दूध देनारी म्हस ते सोडनार नाईत अन् दूध न देनारी ठेवनार नाईत. म्हनून शुक्रवारी हाताले फडकं बांधलं अन् सांगून धाडलं, मनगट धरलं, मले येता येत नाई. दोन येळ गेली नाई. दुसऱ्या येळी चंद्रीचं वरडनं घरात आयकू आलं अन् मी कानात बोटं घालून बसली. तिची कास दुखत असन, हे मले समजत होतं. आपल्याच जनावराले असा तरास देनं लई वाईट पोरी. कोनाले सांगू नोको.

शनवारी सकाळीच पुंडलिकराव आले. म्हनले, जिजाबाई, सत्तराले घेतली, सत्तराले घेऊन जा. ढेपीचे बी मांगत नाई, फक्त आज येऊन तिले मोकळी करून द्या. म्या म्हनलं, फडकं बांधलेल्या हातानं कसंतरी पाह्यते. जाऊन काढलं. अन् सौदा पक्का करून आली. एक पैसा वरतून नाई.

आज अशू आला. गाडीनं आला, पेट्रोल टाकून. पुंडलिकरावाच्या अंगनात अर्धं गाव जमा. नत्थूजी सायकल टेकवून उभे. चिंधूकाका खुर्ची टाकून बसले. पौर्णिमा अन् तिच्या बाया साऱ्या ओट्यावर. अशूनं पैसे मोजून देल्ले. आता दावं हातात घ्याचं अन् निंगायचं, एवढंच बाकी होतं. तं तुह्या नवऱ्यानं चारी बाजूनं लोकाइकडं पाह्यलं, खिशात हात घातला अन् मोठ्या आवाजात म्हनला, 'पुंडलिकराव, हे पाच हजार अजून ठेवा. चाऱ्या-पान्याचे. आपल्याले काई कमी नाई.'

मी मांगून त्याचा शर्ट ओढला. कोपर बी मारलं. आयकन तं शप्पथ! काडेपेटीची काडी वाचवनारा मानूस, पन लोकाइनं सस्पेंड म्हनलं ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं. पुंडलिकराव एवढे चकित झाले का त्यायनं दोनदा नाई-नाई म्हनलं. मी म्हनलं, तिसऱ्यांदा म्हना. पन तिसऱ्यांदा त्यायनं घेतले. मी दोन दिवस हाताले फडकं बांधून जे कमावलं ते यानं एका वाक्यात उडवलं. चिंधूकाका म्हनले, पोरगा दिलदार निंगाला. मी म्हनलं, हो, आजच निंगाला.

चंद्रीचं दावं त्यानंच धरलं. ती हालेना. ऑफिसची पॅन्ट घालून ओढून राह्यला अन् ती जागची हालेना. मंग मी पुढं झाली तं ती माह्या मांगं आली, अन् तिच्या मांगं अशू. घरी आल्यावर मी फडकं सोडलं अन् दूध काढाले बसली. तिच्या पोटाले डोकं लावलं अन् पोटभर रडली. कोनं पाह्यलं, कोनं नाई पाह्यलं, मले काई घेनंदेनं नोतं. अशू दारात उभा होता. म्हनला, आई, मले वाटलं होतं तुले चालन. म्या म्हनलं, तुले वाटायच्या आधी मले इचारायचं असते लेका. त्यानं बसून तिच्या पायाखालचं शेन भरलं, न सांगता. लहानपनी मार खाल्ला तरी भरे नाई.

तं दहा हजार गेले, पाच हजार गेले, बायाइचं जेवन अन् जिलबी गेली. अशू म्हनते, आता प्लॉट एक साल तरी लांबला. तुम्ही दोघंही पोटाले चिमटा घेऊन राह्यले होते, हे मले माहीत हाय. त्याचं मले वाईट वाटून राह्यलं. पन तुह्याजवळ खोटं काऊन बोलू पोरी, लई नाई वाटत.

आई